भांगाचं पाणी

अर्जात एक रकाना होता : जोडीदाराशी नातं.
स्वरूपाने तिथे आडवी रेघ मारली
आणि खालच्या रकान्यात बुटांचा नंबर लिहिला, सहा.

दिवाळ्याच्या धक्क्यावर, पहाटे साडेपाचला
एक पोरगा भोंग्यातून नियम सांगत होता :
बुटांसकट पोहायचं, ओल्या अंगाने धावायचं,
दोघांत दहा मीटरपेक्षा जास्त अंतर पडलं की जोडी बाद.
निघताना जे अंगावर असेल ते शेवटपर्यंत न्यायचं,
वाटेत काहीही टाकायचं नाही.
आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

"बहिणी का?" आकडे काढणाऱ्या बाईंनी विचारलं.
ती म्हणाली हो, मी म्हणाले नाही,
एकाच दमात.
बाईंनी दोघींच्या दंडांवर एकच आकडा काढला, एकोणचाळीस.

माझा भाऊ तिला सोडून गेला त्याला दोन वर्षं झाली.
तिने आडनाव परत केलं,
स्टीलचे डबे मोजून परत केले,
मला परत करायचं राहून गेलं.

अष्टमी होती.
म्हणजे भांगाचं पाणी, धक्क्यावरचा म्हातारा म्हणाला,
ओढ नाही, पोरींनो, आज खाडी बसून आहे.
स्वरूपाने पिवळी टोपी ओढली, कपाळाच्या वर,
त्या दुसऱ्या भांगाच्याही वर,
आणि दोरीचा हूक माझ्या पट्ट्यात अडकवला.

पाण्यात ती पुढे.
बापाच्या मागे चिंबोऱ्या धरत वाढलेली ती,
आणि मी छत्तिसाव्या वर्षी
पालिकेच्या तलावात फळी धरून शिकलेली.
मधे तीन मीटर दोरी.
ताठ झाली की कळतं, ती आहे.
सैल पडली की कळतं, थांबलीय, माझ्यासाठी,
आणि मला त्याचाच राग येतो.

उलव्याच्या बाजूची तिवरं शिवून परतताना
दोरी कशाततरी अडकली. डोलीचा जुना खुंट असावा.
तिने आपला हूक काढला आणि खाली गेली.

पाणी चहासारखं.
माझ्या कमरेला दोरी, दुसऱ्या टोकाला नुसती खाडी.
दूर पुलावरून एक ट्रक गेला, सावकाश.
तेव्हा मला आठवली आई,
"ती आपली नाही आता" असं म्हणत
तिच्यासाठी सुकटीची चटणी भरणारी,
डब्याचं काही न म्हणणारी.

मग एक पिवळी टोपी, तोंडात चिखल,
"वन्सं, पाय हलवा!"
अजून वन्संच म्हणते.
धाप लागली की ताईपेक्षा तेच आधी येतं म्हणे.

काठाला गुडघाभर गाळ. निवट्या टणाटण उडत होत्या.
कालवांच्या धारा बुटांच्या तळाला करकरल्या,
पाण्यात बूट कशाला, ते तेव्हा पटलं.

पारसिकच्या चढावर मी पुढे.
आता तिचं सगळं वजन दोरीतून माझ्या कमरेत,
भिजलेल्या गोणीसारखं.
खोटं कशाला बोलू, दोनदा हात हुकाकडे गेला.
तिसऱ्या वळणावर मागून आवाज आला,
"त्याचं बरं चाललंय ना?"
माझ्याकडे श्वास एकच होता,
उत्तराला नाहीतर चढाला.
मी चढ घेतला.
दोरी थोडा वेळ ताठ राहिली, मग तीही चालू लागली.

चव्वेचाळीस जोड्यांत आम्ही एक्केचाळिसाव्या.
दोन केळी, दोन पदकं, एक फोटो,
त्यात तिचे डोळे मिटलेले.
नळाखाली बूट उलटे केले तर
तिच्या बुटातून एक पिटुकला खेकडा निघाला,
सगळी शर्यत फुकटात पळालेला.
तिला हसू आवरेना. रडूही, बहुतेक.
मी खेकड्याकडेच बघत राहिले.

दोरी तिच्याकडेच असते.
माझ्या घरी वाळत घालायला जागा नाही,
असं मी आईला सांगून ठेवलंय.